मानेजवळचं कातडं

धुळ्याबाहेरच्या एका शेडमध्ये मेंढीच्या केसाळ कातड्यांची आतली बाजू खरवडणारं मशीन होतं. त्याचा पात्यांचा रोलर सुधारायला मालकाने मला जळगावहून बोलावलं. मी कातडं जाण्यापुरती अगदी नेमकी फट राखणारा नवा रोलर बसवला आणि पहिली तीन कातडी मानेजवळ टराटरा फाडून दाखवली.

मशीनवर एक म्हातारे कारागीर होते. प्रत्येक कातडं आत सोडण्याआधी ते त्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत तळवा फिरवायचे. मला वाटलं, सवय असेल, नाहीतर श्रद्धा. मी आपला ड्रॉइंगचा कागद उलटसुलट करत बसलो.

शेवटी त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. सकाळी दाढी करताना कापलं होतं, तिथे मी वर्तमानपत्राचा कपटा चिकटवला होता.

"साहेब, गालवर आन् गळावर वस्तरा सारखाच दाबतस का?"

मी कातड्यावरून तळवा फिरवला. मान जाड होती, पोट पातळ. माझी फट मात्र सगळीकडे सारखी. चार दिवस त्या शेडमध्ये वावरत होतो, पण कातड्याला हात पहिल्यांदाच लावत होतो.

जाड भाग आला की रोलर मागे सरकावा म्हणून मी त्याच्यामागे स्प्रिंगा बसवल्या. दुसऱ्या दिवशी कातडी अख्खी बाहेर आली. मालकाने माझी पाठ थोपटली आणि मीही ती थोपटून घेतली.

कारागिरांनी रोलरकडे बघितलंही नाही. माझ्या गळ्यावरचा ताजा कपटा बघून ते म्हणाले, "मशीन तं सुधरनं, साहेब."