शाबूतकाका

आमच्या अपार्टमेंटच्या तळमजल्यावर राहणारे काका कुणी भेटलं तर 'नमस्कार' किंवा 'कसं काय' म्हणत नसत. चष्म्यावरून त्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत बघत आणि विचारत, "शाबूत?" पहिल्यांदा ऐकणारा दचकून स्वतःचे हातपाय चाचपून बघायचा. जुळे सोलापुरात त्यांचं आडनाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. शाबूतकाका म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडायचा.

काका बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आजोबा कोकणातून रेल्वेच्या नोकरीला इकडे आले, काका होटगीच्या क्वार्टरमध्ये वाढले आणि मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झाले. भाऊबंद बहुतेक सगळे इस्राएलला गेले. तुम्ही का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं. "गार्ड शेवटच्या डब्यात असतो की, सर," ते म्हणाले. "बाकीची गाडी पुढं गेलेलीच असती."

भित्रा माणूस आहे मी, असं ते स्वतःच सांगत, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. गॅस बंद आहे का हे तीनदा बघत. जिन्यात पोरं धावली तर दारात येऊन उभे राहत. भीतीचं त्यांचं शास्त्र नोकरीतून आलेलं होतं. "गाडी आली याला अर्थ नाही. सगळी आली का, ते बघायचं. म्हणून शेवटच्या डब्याला पाटी असती. स्टेशनातला माणूस इंजिनाकडं बघत नाही, पाटीची वाट बघतो. मधे कपलिंग तुटून चार डबे मागं जंगलात राहिले, तरी इंजिन शिट्टी मारत पुढं येतंच."

माझ्या मुलीची, मीनलची, इस्राएलला आजारी वृद्धांची देखभाल करण्याच्या कामावर निवड झाली, तेव्हा हे शास्त्र माझ्या घरात शिरलं. ती नर्स. पगार चांगला, करार पक्का आणि बातम्यांत रोज सायरन. मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं. त्या आठवड्यात त्यातलं काहीही उपयोगी पडलं नाही. आमच्या घरी तर हिने, मीनलच्या आईने, टीव्हीवर चादरच टाकली.

एजन्सीने मीनलला हिब्रू अभिवादनांची एक गुळगुळीत पुस्तिका दिली होती. काकांनी ती चाळली आणि भाजीच्या पातेल्याखाली ठेवायला घेतली. मग रोज संध्याकाळी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. मीही जाऊन बसायचो. घरी बसून घाबरण्यापेक्षा तिथे सोबत होती.

"बोकर तोव, सकाळी. लायला तोव, झोपताना. तोदा म्हणजे आभार, ते आपल्याकडं कमी लागतं, तिकडं जास्त लागेल. बाईला विचारायचं, मा श्लोमेख. बाप्याला, मा श्लोमखा."

"श्लोमेक," मीनल म्हणाली.

"क नव्हं, ख. आणि तोही आपला नव्हं. त्या कोपऱ्यावरचे पंक्चरवाले चाचा 'खैरियत' म्हणतात ना? तसा, घशातनं. जा, चार दिवस त्यांच्याशी बोल."

मीनल खरोखर गेली. स्कूटरची दोन्ही चाकं धडधाकट असताना हवा तपासायला. चौथ्या दिवशी तिचा ख ऐकून काकांनी मान डोलावली.

"आणि शालोम म्हणजे?" मी विचारलं. "शांती ना?"

"पुस्तकात शांती लिहितात. ज्यांना भाषणं करायची असतात त्यांना ते बरं पडतं. मूळ आहे अख्खं असणं. काही तुटलेलं नाही, काही मागं राहिलेलं नाही. मा श्लोमेख म्हणजे, पोरी, तू शाबूत आहेस का?" मग म्हणाले, "पाटी दिसली का, एवढंच विचारायचं असतं."

निघायच्या आदल्या दिवशी एका सभागृहात निवड झालेल्या मुलींचा निरोप समारंभ झाला. फ्लेक्सवर मुलींपेक्षा पाहुण्यांचे चेहरे मोठे होते. पाहुण्यांनी मुलींना विश्वशांतीच्या दूत म्हटलं आणि 'शॅलम' असा शब्द सात वेळा उच्चारला. मी मोजत होतो, कारण न मोजता बसलो असतो तर रडू आलं असतं. काका मागच्या रांगेत होते. शेवटी त्यांनी मीनलला एकच शब्द शिकवला. "लेहित्राओत. निघताना म्हणायचा. पुन्हा दिसू, असा अर्थ. आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो, तसं."

"येते, काका," मीनल म्हणाली.

काका शनिवार, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, कडक पाळत. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत ते फोनला किंवा विजेच्या बटणाला हात लावत नसत. पंखा शुक्रवारी जसा असेल तसा चालू राहायचा आणि कुणी घंटी दाबू नये म्हणून दार नुसतं लोटलेलं असायचं. "नोकरीत पस्तीस वर्षं शनिवार मोडले," ते म्हणत. "आता उरलेत तेवढे तरी अख्खे ठेवतो." माझा असल्या नियमांवर विश्वास नाही, तरी शनिवारी मी त्यांच्या दारावरून पाय न वाजवता जात असे.

मीनल गेल्यावर तीन महिन्यांनी एका शनिवारी सकाळी बातमी आली. ती राहत होती त्याच शहरावर हल्ला झाला होता. तिचा मोबाईल लागेना. ती जिची देखभाल करायची त्या म्हातारीच्या घरच्या फोनचा नंबर कॅलेंडरवर लिहिलेला होता. तो मी लावला. इंग्रजीत नाव सांगितलं, मुलीबद्दल विचारलं. पलीकडे म्हातारी काहीतरी ओरडली आणि फोन बंद झाला. काय ओरडली ते मला कळलं नाही. तशी भीती मला आधी कधी वाटली नव्हती. ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

मी खाली गेलो. काकांचं दार लोटलेलं होतं. मला बघून त्यांनी 'शाबूत?' विचारलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "द्या तो फोन."

"काका, आज..."

"जिवाचा प्रश्न असला की शनिवार बाजूला ठेवायचा, हे आमच्यात सांगूनच ठेवलंय. त्याची भीती नाही." तरी त्यांनी हात मागे घेतला. "सर, एक सांगतो. मी प्रार्थना वाचतो, चार शब्द शिकवतो. पण ज्याची ती बोली आहे अशा माणसाशी मी जन्मात बोललेलो नाही. ती काय सांगेल ते मला कळणार नाही. आणि कळलं तर काय करू?"

मी नंबर लावून, स्पीकर सुरू करून दिला. काका उभे राहिले, मालगाडीला झेंडी दाखवायला उभे राहत असतील तसे.

"शब्बात शालोम," त्यांनी शनिवारचं अभिवादन केलं.

 पलीकडून म्हातारीचा आवाज, भराभर, हुंदक्यांसकट. काकांचा चेहरा पांढरा पडत गेला. ती थांबल्यावर ते म्हणाले, "मा श्लोमेख?" पुन्हा लांबलचक काहीतरी आलं. काकांनी डोळे मिटले. शेवटी त्यांच्याजवळ होते तेवढे शब्द एकत्र करून त्यांनी विचारलं, "मा श्लोम मीनल?"

"मीनल? मीनल बसेदेर. बसेदेर, बसेदेर." हा शब्द मला माहीत होता. काकांनी टेबलावर शिकवला होता. म्हणजे, ठीक आहे.

फोनवर खडखड झाली आणि मुलीचा आवाज आला. "काका? तुम्ही? अहो, आज शनिवार ना?"

"शाबूत?" काकांनी विचारलं.

"शाबूत. बंकर खाली आहे आणि आजींना जिना उतरवत नाही, म्हणून आम्ही आतल्या खोलीत बसलो होतो. मोबाईल बाहेर राहिला. त्या फार घाबरल्यात."

"बरं," काका म्हणाले आणि फोन बंद केला. आईबापांना बोलायचं असेल, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. पाटी दिसली, काम संपलं. मग ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ टेबलाची कड धरून राहिले. मी पंख्याखाली उभा होतो. मग हिला सांगायला वर गेलो.

पुढच्या हिवाळ्यात त्यांचा पुतण्या त्यांना ठाण्याला घेऊन गेला. हृदयाचं दुखणं होतं. स्टेशनवर मी आणि ही सोडायला गेलो. "येतो," ते म्हणाले. गाडी सुटल्यावर ही निघायला वळली, मी थांबलो. एकेक डबा पुढून गेला, शेवटचा आला, त्याच्यामागे लावलेली पाटी दिसली, मग आम्ही घरी आलो. काका परत आले नाहीत. चार महिन्यांनी पुतण्याचा फोन आला.

मीनलचा करार अजून संपलेला नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी मी तिला फोन करतो आणि घशातल्या ख सकट विचारतो, "मा श्लोमेख?" उत्तर यायला दोन-तीन सेकंद लागतात. नेटवर्कमुळे, असं ती सांगते. असेल. त्या दोन-तीन सेकंदांत डबे पुढून जात असतात, आणि मी शेवटच्या डब्याची वाट बघत उभा असतो.