मामंजींची सोन्याची निब

आता तुम्हीच सांगा, पोटची पोर खरं बोलेल या धास्तीनं कुठल्या आईची झोप उडते? माझी उडाली! कारण सगळं पाच वर्षांच्या सुमीच्या डोळ्यांदेखत घडलं होतं, आणि सुमीच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही.

त्याचं असं झालं. आमचे मामंजी भोरला संस्थानाच्या कचेरीत कारकून होते. संस्थान विलीन झालं, कचेरी गेली, मामंजींचं फाउंटन पेन मात्र राहिलं. त्याची निब म्हणे सोन्याची! वाण्याची यादी लिहायची असली तरी आधी निब उन्हात धरायची. "हे संस्थानी सोनं! आता मिळतो तो नुसता पत्रा!"

खंडेनवमीला मामंजी कामथडीला शेतावर गेले. जाताना पेन पूजेसाठी माझ्या हवाली केलं. सून मॅट्रिक झालेली ना! मॅट्रिक सुनेनं निबेवर इतक्या भक्तिभावानं हळदकुंकू वाहिलं की तिची फट पार बुजली. झटकून पाहिलं, फुंकून पाहिलं. शाई उतरेना. मग काय, समई घासतात तशी घासली हो! चिंच लावून, वर चिमूटभर रांगोळी.

बघते तर सोनं गायब! खाली पांढरा पत्रा, आणि टोकं फाकलेली, चिमणीच्या पिल्लानं चोच उघडावी तशी.

घराण्याचं सोनं मी चिंचेनं घालवलं होतं! सुमीला काखोटीला मारली आणि बाजार गाठला.

"ही पिवळी घ्या वैनी. डिट्टो सोन्यावानी. लई खपती," दुकानदार म्हणाला.

"म्हाताऱ्या माणसाला ओळखू नाही ना येणार?"

"अवो, म्हातारी मानसंच तर नेत्यात!"

त्यानं तिथंच निब बसवून दिली. परतताना सुमीच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. रोज निजताना तिला खरेपणाच्या गोष्टी सांगणारी मी, म्हणाले, "आजोबांना सांगायचं नाही हं. गंमत आहे."

"मला ठेवता येते अशी गंमत," सुमी गोळी चोखत म्हणाली.

विश्वास बसेल का तुमचा? माझाही बसला नाही.

दसऱ्याला मामंजी परतले. ओसरीवर शेजारी जमलेले. मामंजींनी टोपण काढलं, निब उन्हात धरली. मी दाराआड, पदर तोंडात. कागदावर सही केली. थांबले. चष्मा पुसला. पुन्हा केली.

"सूनबाई!"

संपलं! आता माहेरची वाट!

"बाहेर ये अशी. बघ कशी लोण्यासारखी चालते! पूजा मनापासून झाली की सोनंसुद्धा उजळतं. ऐकलंत का मंडळी? याला म्हणतात संस्थानी सोनं!"

गप्प बसावं की नाही मी? पण सुटका झाल्याच्या आनंदात जीभ वळवळली. "हो ना मामंजी! नव्या निबांना ही सर कुठली!"

मामंजींनी कधी नव्हे ते कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात सुमी आमच्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. दोन्ही हात पुढे.

"आजोबा, तुमची निब मोडली तेव्हा आपण त्या दुकानातनं नवी आणली, ते मी आईला सांगितलंच नाही. आणि आईनं काल तिथनंच आणली, ते तुम्हालाही नाही सांगितलं. आता दोघांनी एकेक गोळी द्या!"