विहिरीकडे तोंड करून बसणाऱ्या अक्का

भडगावजवळची जहागीरदारांची जुनी बाग दुरुस्त होऊन लोकांसाठी खुली झाली, तेव्हापासून मी संध्याकाळी तिथे फिरायला जाते. त्या अक्का मला तिथेच भेटायच्या. नाव मी कधी विचारलं नाही, आणि त्यांना विहिरीची एवढी भीती का, तेही नाही. लोक कारंजं बघत, गुलाब बघत; अक्का मात्र फुलांकडे पाठ करून जुन्या विहिरीसमोर बसत. कुणी पोर जवळ गेलं की ओरडत, "मांगे सरक वं माय!"

"अक्का, आता सगळं नवं केलंय," मी एकदा म्हटलं.

"रंग नवा शे. दगड जुनाच शे," म्हणत त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यांची धास्ती मलाही लागायची, म्हणून मी पलीकडच्या बाकावर बसू लागले.

गेल्या रविवारी एका बाईने फोटोसाठी मुलीला विहिरीच्या कठड्यावर बसवलं. अक्का धावल्या आणि त्यांनी तिला फ्रॉकला धरून खाली ओढलं. पोरगी गुडघ्यावर आपटली, रडू लागली.

"अहो आजी, वेड लागलंय का?" ओरडत आई वाकली आणि तिने कठड्याला हात टेकला. तसा वरचा दगड सरकला आणि आत गेला. पाण्याचा आवाज यायला जरा वेळच लागला.

आई मुलीला जवळ घ्यायला बघत होती, पण अक्कांची मूठ सुटेना.

"अक्का, सोडा आता. वाचली ती," मी म्हणाले.

त्यांना ऐकूच जात नव्हतं. शेवटी मीच त्यांचं एकेक बोट हळूहळू उलगडलं.