सासूबाई आहेत घरी

माझ्या सुनेची सगळ्यात मोठी पात्रता म्हणजे मी, हे मला मटार सोलताना कळलं.

ती हॉलमध्ये लॅपटॉपसमोर बसून मुलाखत देत होती. वर इस्त्रीचा कुर्ता, खाली घरातला पायजमा. मी स्वयंपाकघरात जमेल तितक्या हळू शेंगा मोडत होते. समोरच्या माणसाने विचारलं, "मुलगी लहान आहे तुमची. आजारीबिजारी पडली तर कसं करणार?" आणि लग्नाआधी एका कंपनीचे हिशेब एकटीने सांभाळलेली आमची सून गोड आवाजात म्हणाली, "त्याचा काही प्रॉब्लेम नाही सर. सासूबाई आहेत घरी."

सासूबाई आहेत घरी! जसा काही घरात इन्व्हर्टर बसवलाय. लाइट गेली की आपोआप चालू.

'कळवतो' म्हणाले आणि कळवलं नाही. याआधीही दोन ठिकाणी असंच झालं होतं. मुलगी झाल्यावर तिने नोकरी सोडली, आता मुलगी शाळेत जाते, आणि हिला पुन्हा कामाला लागायचंय. पण दर नकारानंतर ती थोडी थोडी लहान होत चालली होती. त्या संध्याकाळी भाजी चिरताना म्हणाली, "जाऊ दे आई. आता मला कोण घेणार?" मी रागाने कढईवर झाकण आपटलं. तिला वाटलं, मी तिच्यावर चिडले. चिडले होतेच, पण रांगेत तिचा नंबर शेवटचा होता. पहिला नंबर माझा.

कारण हेच उत्तर मीही दिलं होतं. आम्ही लालबागहून भाईंदरला नवीन राहायला आलो होतो, मुलगा जेमतेम चालायला लागला होता, आणि मी टायपिस्टच्या जागेसाठी मुलाखतीला गेले. नणंदेची सिल्कची साडी, डोक्याला इतकं तेल की कपाळावर ओघळ. साहेबाने विचारलं, "स्पीड किती?" मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तेवढा, सर." "पगाराची अपेक्षा?" "तुम्ही द्याल तो." असलं ध्यान! आज ती बाई समोर आली तर मी तिच्या पाठीत धपाटा घालीन. फक्त एका प्रश्नावर माझी मान ताठ झाली. मूल कोण बघणार? "सासूबाई आहेत ना घरी!"

नोकरी लागली. मी पेढे घेऊन घरी आले. सासूबाईंनी पेढा हातात घेतला, तोंडात नाही टाकला. "मला कुणी विचारलं?" एवढंच म्हणाल्या. त्यांना वसईला बहिणीकडे जाऊन राहायचं होतं. ते राहिलंच. मी मनात म्हटलं, काय खवट म्हातारी आहे. आता मी स्वतः खवट म्हातारी झाले, तेव्हा त्या पेढ्याचा अर्थ लागला. अक्कल अशी रिटायर झाल्यावर येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलाचा जुना चष्मा नाकावर ठेवला, जेवणाच्या टेबलाशी बसले आणि सुनेला म्हटलं, "बस. मी साहेब."

"आई, काहीतरीच काय!"

"साहेबाला आई म्हणायचं नाही. मधली इतकी वर्षं काय करत होतात?"

"सॉरी सर, ते मला मुलगी झाली, म्हणून..."

"सॉरी कशाबद्दल? मुलीबद्दल?"

ती हसली. मी नाही हसले. "सोसायटीचे हिशेब कोण लिहितं? खालच्या फरसाणवाल्याचं जीएसटी कोण भरतं?"

"ते काय, घरी बसल्या बसल्या करते मी."

"मग तुझे ते साहेब काय उभ्या उभ्या करतात? घाल ते बायोडेटात. पहिल्या पानावर."

खरं सांगते, मला मजा यायला लागली होती. साहेब होण्यात सुख असतं, चष्म्यावरून बघता येतं. रोज दुपारी आम्ही बसायचो. उत्तरं मनात घोकून उपयोग नाही, तोंडातून मोठ्याने निघाली पाहिजेत, हा माझा नियम. कारण मनात आपण सगळेच वाघ असतो. तिचं 'सॉरी' गेलं, 'थोडंफार येतं' गेलं. मग एके दिवशी मी तो प्रश्न काढला.

"मुलगी आजारी पडली तर?"

"सासूबाई आहेत घरी."

"सासूबाई नाहीत. गुरुवारी त्या डोंगरीला असतात."

ही थाप नव्हती. माझ्या ऑफिसातली जुनी मैत्रीण भाईंदरजवळच्याच डोंगरी गावात राहते. गुरुवारी मी बसने तिच्याकडे जाते, आम्ही पत्ते कुटतो, ती बोंबील तळते आणि मी हरायला लागले की म्हणते, "तुझं ध्यान न्हाय हाय पत्त्यांत." पण सुनेचे डोळे भरले. "म्हणजे तुम्ही बघणार नाही तिला?"

"बघीन की, नात आहे माझी. पण मला न विचारता मला वाटून टाकायचं नाही. आणि माझ्यावर काय रडतेस? ज्याला विचारायला हवं तो तिकडे सोफ्यावर लोळतोय."

मुलाला त्या दिवशी सुट्टी होती. त्याला हाक मारली, खुर्चीत बसवला.

"मिस्टर, तुमच्या मुलीला ताप आला तर ऑफिसचं काय करणार?"

"आई, हा काय प्रश्न आहे? मला कोण विचारतंय असलं?"

"मी विचारतेय."

"तू आहेस ना."

"नापास. तुला ताप यायचा तेव्हा मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या कोण ठेवायचं?"

"आजी."

"आणि मी?"

"ऑफिसात."

"आणि बाबा?"

"पेपर वाचत असतील."

सून फिसकन हसली. तो भडकला. "म्हणजे मी काय रजा टाकू?"

"टाक की," सून म्हणाली. इतक्या वर्षांत या घरात मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. "मला रोज नोकरीवर जायचंय. तू कधीतरी एक दिवस घरी राहा. एवढंच म्हणतेय."

दोन दिवस घरात धुसफूस होती. मी मध्ये पडले नाही. लावून दिलं ते पुरे झालं. तिसऱ्या दिवशी तो चहा पिता पिता म्हणाला, "बरं, वाटून घेऊ."

पुढची मुलाखत वरसावेच्या एका गोदामवाल्या कंपनीची, तीही लॅपटॉपवर, नेमकी गुरुवारी. मी पिशवी घेऊन, चपला घालून दारात उभी. पण पाय निघेना. प्रश्न आलाच. तो यायचाच, त्याला मरण नाही.

"तिचे बाबा आणि मी वाटून घेतो," सून म्हणाली.

"घरात मोठं कोणी नाही?"

"आहेत ना. पण त्यांना त्यांची कामं असतात."

मी दार हळूच ओढून घेतलं आणि बस पकडली. त्या दिवशी सगळे डाव मी जिंकले.

नोकरी लागली. फरसाणवाल्याच्या जीएसटीबद्दलच त्यांनी सगळ्यात जास्त विचारलं म्हणे. पेढे आणले, तेव्हा पहिला माझ्या हातात ठेवून सून म्हणाली, "आई, शनिवारी अर्धा दिवस तुम्हाला जमेल का?" मी पेढा खाल्ला आणि मग 'बघते' म्हटलं. भाव खायची संधी कोण सोडतं!

पण राग गेला असं समजू नका. महिनाभराने नातीला ताप आला. मुलाने रजा टाकली, पट्ट्या ठेवल्या, खिमट केलं, करपवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आला तो फुगूनच. जेवायला बसताना म्हणाला, "आमच्या सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं माझं. म्हणाले, असा बाप पाहिजे!"

एका दिवसाच्या रजेचं हे कौतुक. माझ्या सासूबाईंना कुणी चहा तरी पाजला होता का?

मी सुनेकडे पाहिलं. तिने त्याच्या ताटाकडे नेलेली भातवाढी परत पातेल्यात ठेवली आणि पातेलं त्याच्यापुढे सरकवलं.

"घे वाढून," ती म्हणाली.