बाळंत न होता केलेली मालीश

मैत्रिणींनो, आज मी कणकवलीला जाऊन मालीश करून घेऊन आले. होय, मीच. मासळी बाजारात दिवसभर वाकून सुरमई कापते, मान आणि खांदे पार दगड झाले होते. मालीश करणाऱ्या ताईंनी खांद्यातली गाठ अंगठ्याने दाबली तेव्हा मी ओरडलेच. पण परत येताना एसटीत कित्येक महिन्यांनी मान वळवून खिडकीबाहेर बघितलं.

घरी आले तर घरापुढच्या खळ्यात बाबलकाका, माझे चुलत सासरे, होडीला तेल लावत होते. मी पायरी चढताच त्यांच्या बायकोला, काकींना, माझ्या अंगाच्या तेलाचा वास आला.

"काय गो, बाळंत झालंस काय? ह्या वयात तेल लावन घेतंस ता!"

आधी लाज वाटली. मग सटकलीच माझी.

"काकी, ही होडी कधी बाळंत झाली? तिका तर काका दर वर्साक तेल लायतत!"

काकांचा हात थांबला.

पुढच्या महिन्यात मी परत जाणार, आणि सगळ्यांना सांगून जाणार.

तुमच्या अंगाला शेवटचं तेल कधी लागलं? माझ्या अंगाला आजच्या आधी लागलं होतं ते धाकट्याच्या बाळंतपणात.

धाकटा आता बारावीला आहे.