ओली रेती

हरी गेला हा निरोप आला तेव्हा मला तो खरा वाटला नाही. दुःखानं माणसाचं तसं होतं म्हणतात. माझं तसं नव्हतं, मला संशय आला. दिवाळीआधी त्यानं असाच निरोप धाडला होता, छातीत दुखतंय, बोईसरला लगेच या. मी सायकल हाणत गेलो तर हा ठणठणीत, आणि शेजारच्या खुर्चीत यंत्र विकणारा मुंबईचा एजंट. म्हणून या वेळी माझी बायको, म्हणजे हरीची थोरली बहीण, पदर तोंडाला लावून कारखान्याच्या दारात उभी राहिली तरी मी म्हणालो, रेतीची गाडी आलीय, उतरवून घेतो मग निघू. आणि खरंच उतरवून घेतली... त्याला आता महिना होत आला. तो अर्धा तास अजून मनातून जात नाही.

मी दुसरी पास. लेखणी माझ्या हातात बसत नाही, पण हरीवर दुसऱ्या कुणी लिहावं हेही मला पटलं नाही. तो पालघरजवळच्या माहीमच्या मासेमार घरातला. मीही त्याच किनाऱ्याचा, पण लहानपणीच गवंडीकामात पडलो. हरीला होडीवर मळमळायचं, म्हणून सासऱ्यांनी त्याला माझ्या गळ्यात बांधला. पालघरला दोघांनी मिळून शेड टाकली. लाकडी साच्यात सिमेंटच्या जाळ्या, भिंतीचे ठोकळे, खिडकीच्या चौकटी पाडायच्या. मासवणकडच्या सात-आठ बाया साचे भरायच्या. माल विकणं हरीकडे, माल घडवणं माझ्याकडे.

आमच्या धंद्यात सगळं रेतीवर असतं. मासवणची नदीची रेती गोडी, खाडीची खारी. खारी रेती सिमेंटात गेली की दोन महिन्यांत माल पांढरा फुलतो आणि आतली सळी गंजते. गाडीवाले लबाड, खाली खाडीची भरून वर नदीची पसरायचे. म्हणून मी प्रत्येक गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळची चिमूटभर रेती काढायचो आणि जिभेवर ठेवायचो. बाया हसायच्या, मिस्तरींची न्याहारी चालली म्हणायच्या. हसोत. खारी निघाली की गाडी फाटकातूनच परत. पालघरपासून बोईसरपर्यंत माझ्या जिभेला नाव होतं.

तीन वर्षांपूर्वी मला मुदतीचा ताप आला. त्यातून उठलो तर बायको कालवणात मीठ घालायचं विसरू लागली. मी ताटावर भांडायचो. हरी जेवायला असला की माझी बाजू घ्यायचा. "ताय, मीठ जरा कमीच हाय गो," म्हणायचा. मला बरं वाटायचं. कारखान्यात मात्र माझा दरारा वाढला होता. तापानंतर एकही गाडी परत पाठवावी लागली नाही. गाडीवाले मला घाबरून सुधारले, असं मी चारचौघांत सांगत असे.

मग तारापूरच्या बाजूला मोठं सरकारी काम निघालं. कामगारांची घरं बांधायची म्हणून पाम गावाकडचे ठेकेदार ठोकळे मागू लागले, आणि मागायचे ते ट्रकच्या हिशेबात. हाताच्या साच्यांनी ते होणारं नव्हतं. हरीच्या डोक्यात यंत्र शिरलं. बोईसरला एका शेडमध्ये एजंटनं ते चालवून दाखवलं. वरून माल टाका, ते थरथरतं, दाबतं, खालून ठोकळा बाहेर. मी ठोकळा बोटांनी वाजवला, नखानं खरवडला, पाण्यात बुडवला, यंत्राखाली वाकून पाहिलं. एजंट हसून म्हणाला, "चाचा, कुछ मिला?" मी म्हणालो, "नाय मिला, म्हणून तर विचारात पडलोय." खोट सापडली असती तर मी शांत झालो असतो. ती सापडत नव्हती, तेव्हा ती नक्की कुठंतरी खोल असणार.

परतताना हरी म्हणाला, "भावोजी, याच्यासंगती रेती धुवायचा पिंप येतो. खारी असो, गोडी असो, धुवूनच निघते. कुनी चाखाया नको."

"म्हणजे मी नको," मी म्हणालो.

तो वाकून चपलेतला खडा काढू लागला. मला तेवढं पुरे झालं. यंत्राच्या कागदावर दोघांच्या सह्या लागत होत्या. मी जिवंत असेतो माझी मिळणार नाही, असं त्याला तिथंच सांगून टाकलं.

त्यानंतर माझं सगळ्यांवर लक्ष राहू लागलं. एकदा ध्यानात आलं की मी सकाळी पोचतो तेव्हा रेतीचा ढीग ओला असतो. भर वैशाखात ओला. हरीला विचारलं तर म्हणाला, "धूळ उडते, म्हनून पानी मारतो." मला ते पटेना. माझी पारखलेली रेती हा बाहेर विकतो, खाडीची आणून टाकतो आणि ती धुवून माझ्या जिभेला फसवतो, असा मी हिशेब लावला. सगळ्या बायांसमोर त्याला घरचा चोर म्हणालो. त्यानं टोपी डोक्यावर घातली. छत्री उचलली आणि गेला. मग तो विक्रीच्या निमित्तानं बोईसरलाच बसू लागला. आमच्याकडे जेवायला यायचाही बंद झाला. इकडे रेती ओलीच. मी म्हटलं, आणखीही कोणी सामील आहे. पावसाळा, दिवाळी गेली. एजंटसमोर भेटलो तेवढंच, तेही भांडायला. मग तो निरोप आला.

बारावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मी तासभर आधी कारखान्यात गेलो. सोनकी आणि आणखी दोघी बादल्या घेऊन रेती धुवत होत्या. सोनकी आमची सगळ्यांत जुनी बाई. मी तिला म्हणालो, काम सोड आणि चालती हो. तिनं हात पुसले.

"जाते. पन आयकून ठेवा मिस्तरी. तुमची जीभ गेली. तापातच गेली."

ती मला शेडच्या मागं घेऊन गेली. तिथं गवताखाली जाळ्यांचे तुकडे गाडलेले होते, पांढरे फुललेले. तापानंतर मी पास केलेल्या पहिल्या गाडीचा माल तो. हरीनं तो फोडून पुरला आणि मला सांगितलं, विकला. तेव्हापासून बाया तासभर आधी येऊन प्रत्येक ढीग धुवत होत्या. सोनकी म्हणाली, "हरीशेठनं आमाला शपथ घातली व्हती. मिस्तरींना कललं तर ते परत साच्याला हात लावनार नाय, बोलले."

मला खरं वाटलं नाही. बायांना कुणीतरी शिकवलंय वाटलं. घरी येऊन बायकोला विचारलं, कालवणात मीठ किती घालतेस. ती खाली बसली आणि रडू लागली. म्हणाली, "तुमच्यासाठी वाढवीत गेले. मी आनि लेकरं वेगलं जेवतो. हरी तेवढा तुमच्या पंगतीला बसून तसलंच खारट गिलायचा, आनि घरी जाऊन तांब्या तांब्या पानी प्यायचा."

तेव्हा मला तो पिंप कळला. हरीला माझ्या जागी यंत्र नको होतं. रेती आपोआप धुतली गेली असती, म्हणजे माझी जीभ गेली हे कुणालाच मला कधी सांगावं लागलं नसतं. चाखाया नको, एवढंच तो म्हणाला होता.

गेल्या आठवड्यात एजंट आला. मी सही केली, खाली हरीच्या बायकोनं केली. एजंटवर माझा अजून विश्वास नाही. पिंप आधी चालवून दाखव, मग पुढचं बोलू, असं त्याला बजावलंय. पिंपावर सोनकी आणि त्या दोघी राहतील, हे कागदावर लिहून घेतलंय. ठोकळे चांगले निघतील बहुतेक. नाही निघाले तर मी आहेच.

त्या गाडलेल्या मालातली एक जाळी शाबूत निघाली. कारखान्यात हरी बसायचा त्या खुर्चीमागच्या भिंतीत ती बसवून घेतली. गवंडी म्हणाला, मिस्तरी, ही फुललेली हाय, दुसरी द्या. मी म्हटलं, हीच. सकाळी हवा दमट असली की तिच्या भोकांच्या कडेनं पांढरी लव धरते. बायको परवा फडकं घेऊन आली होती. मी पुसू दिली नाही... मीठ मला आता तेवढंच कळतं.