पेढ्याचा आकडा

जिजीला कुणी ‘जपून’ म्हटलं की ती शेवटची पायरी उडी मारूनच उतरायची. ही माझी थोरली चुलती. काका गेल्यावर राहात्याच्या मळ्यातल्या घरात एकटी राहायची, पेरूची बाग स्वतः बघायची. मी शेजारीच राहत असल्यानं तिच्या शुगरवर ध्यान ठेवायचं काम माझ्याकडे आलं. ‘ध्यान ढोरांवर ठिवत्यात,’ असं तिनं पहिल्याच दिवशी मला सुनावलं होतं.

तिचा मुलगा सुहास पुण्याला. शुगर तपासायचं यंत्र त्यानंच आणून दिलेलं. आला की चहाच्या आधी तो ते हातात घ्यायचा आणि बटण दाबत मागचे आकडे बघत बसायचा. एका खेपेला आकडे फारच चढलेले निघाले, त्यातच तिच्या पायाची जखम भरत नव्हती. महिनाभरात आकडे उतरले नाहीत तर पुण्याला यावं लागेल, असं त्यानं निक्षून सांगितलं.

जिजी भांडली नाही. तिनं गुळाचा डबा माझ्याकडे पाठवून दिला, भाकरी अर्ध्यावर आणली आणि न चुकता बोट टोचून घ्यायला लागली. पथ्यपाण्याचं तिला काही नव्हतं, घर सोडायचं नव्हतं. आकडे उतरत गेले. जखमही भरत आली.

सुहास यायच्या आदल्या दिवशी, बागेत कामाला येणाऱ्या बाईची मुलगी पोलिसात लागल्याची बातमी आली. मायलेकी पेढे घेऊन आल्या. जिजीनं एक खाल्ला, आणखी एक मागून घेतला आणि नंतर रोजच्यासारखं तपासलं. आकडा चांगलाच वर गेला होता. मी घाबरले. हा आकडा माझा आहे, मीच सहज तपासून बघितलं, असं सुहासदादाला सांगते म्हणाले.

जिजीनं यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं. “खोटं बोलून ऱ्हायचं तर मी ह्या घरात पाहुनीच झाले की. पेढा मी खाल्लाय. मीच सांगन.”

दुसऱ्या दिवशी सुहास नेमका त्या आकड्यावर थांबला. जिजी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“त्यो पेढ्याचा हाय. पोरगी पोलिसात लागली, मी खाल्ला. पुन्हा कुनाची लागली तर पुन्हा खाईन. आता बाकीचं बघ, अन् पाय बी बघ.”

सुहासनं सगळे आकडे बघितले. मग खाली वाकून तिचा पाय हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. पुण्याचं नाव त्यानं काढलं नाही.

निघताना तो पाया पडला, तेव्हा जिजी म्हणाली, “पुढच्या येळला मुक्कामाला ये. तपासायला येऊ नको.”

ती होती तोवर तो मुक्कामालाच येत गेला. ती गेली तीही त्याच घरात, तो तिथं असताना.